पांढरा राजमा आणि ताजे हर्ब्ज : पंधरा मिनिटांची कृती, आणि ती नेमकी कुठे बिघडते

पानोपानी

शिजलेले दाणे हाताशी असतील तर लसूण, तेल, लिंबू आणि भरपूर ताज्या पाल्याचा हा पदार्थ पंधरा मिनिटांत ताटात येतो. यात मसाला नाही, वाटण नाही. त्यामुळे लसूण जरा जास्त तांबूस झाला किंवा पाला पाच मिनिटं आधी पडला, तरी लगेच चवीत कळतं. म्हणून कृतीबरोबर कारणंही लिहिते आहे. इतरांनी भर घालावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

सगळ्यात आधी एक आग्रह. इथे हर्ब्ज वरून भुरभुरवायचे नाहीत, ती या पदार्थातली भाजी आहे. चमच्याने मोजू नका, वजन करा.

दोघांच्या जेवणाला पुरेल असं प्रमाण:

शिजलेला पांढरा राजमा ४८० ग्रॅम (४०० ग्रॅमचे दोन डबे निथळले की साधारण एवढा निघतो; सुके दाणे घेतले तर २०० ग्रॅम)
ऑलिव्ह तेल ३ टेबलस्पून, शिवाय शेवटी वरून १ टेबलस्पून
लसूण ४ मोठ्या पाकळ्या, पातळ चकत्या करून
थाइमच्या ५-६ काड्या किंवा रोझमेरीची बोटभर लांब एकच काडी
मिरचीचे फ्लेक्स पाव टीस्पून
दाणे शिजवलेलं पाणी १२० मिली
पार्सली ३० ग्रॅम आणि शेपू किंवा बेसिल १० ग्रॅम, देठांसकट वजन
अर्ध्या लिंबाच्या सालीचा किस, रस १ टेबलस्पून
मीठ, ताजी मिरपूड

पॅन तापवण्याआधी हर्ब्ज धुऊन पूर्ण कोरडे करा. हे काम शेवटी ठेवलं की घाईत ओला पाला पॅनमध्ये जातो. ओला पाला चिरताना ठेचला जातो, सुरीला चिकटतो आणि वाफेने काळा पडतो. पार्सलीचे वरचे बारीक देठ वेगळे काढून अगदी बारीक चिरा, पानं वेगळी चिरा. दोन ढीग वेगळेच ठेवा.

थंड पॅनमध्ये तेल, लसूण आणि थाइम एकदमच घाला आणि मग मंद आच लावा. तीन-चार मिनिटांत चकत्यांच्या कडा फिक्या सोनेरी दिसू लागतील. तिथेच थांबायचं. लसूण गॅसवरून उतरल्यावरही गरम तेलात शिजत राहतो, त्यामुळे हवा तसा रंग येईपर्यंत वाट पाहिली की तो कडू होतोच. फ्लेक्स घाला, दहा सेकंदांत दाणे आणि पाणी घाला म्हणजे तेलाचं तापमान उतरेल. चिरलेले देठही आत्ताच.

आच मध्यम करा, चार-पाच मिनिटं खदखदू द्या. साधारण पाव हिस्सा दाणे चमच्याच्या पाठीने पॅनच्या कडेला चेपा आणि पॅन पुढेमागे हलवत राहा. तेल आणि पिठूळ पाणी एकजीव होऊन दाण्यांना लपेटणारा रस तयार होतो. चमचा फिरवल्यावर पॅनचा तळ क्षणभर दिसून पुन्हा झाकला गेला, की झालं.

गॅस बंद. थाइमच्या काड्या काढा. एक मिनिट थांबा. मग किस, रस, सगळी पानं, वरचं तेल. एकदाच ढवळा आणि वाढा.

कोंब_फुटला

कृती छान आहे. दोन शंका. घरात सुके दाणे आहेत, डबा नाही. ते शिजवायची खात्रीची पद्धत कुणी सांगेल का? माझ्याकडच्या दाण्यांची सालं निघून येतात आणि आत मात्र मध्ये कणी राहते. आणि मीठ आधी घालायचं की नंतर?

मंद_आच

सालं सुटणं आणि कणी राहणं या दोन्हींचा उगम बहुतेक वेळा भिजवण्यात असतो. मिठाच्या पाण्यात भिजवा: १ लिटर पाण्याला १५ ग्रॅम मीठ, ८ ते १२ तास. सालीतल्या पेक्टिनला (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ) कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यातल्या काहींची जागा घेतं, साल लवचिक होते आणि आतला गर फुगला तरी फाटत नाही. मिठाने दाणे कडक होतात हा समज खरा नाही. दाणे मऊ व्हायला अडथळा करतो तो आंबटपणा. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही दाणे पूर्ण मऊ झाल्यावरच.

हवा गरम असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो. वेळ नसेल तर दाणे पाण्यात दोन मिनिटं खळखळ उकळा, झाकून तासभर ठेवा, ते पाणी ओता आणि पुढे जा. साल तितकी छान राहत नाही, पण काम होतं.

शिजवताना ताजं पाणी, दाण्यांच्या वर तीन बोटं. लिटरला ८ ग्रॅम मीठ. आधी दहा मिनिटं पूर्ण उकळी (याचं कारण वेगळं आहे, ते खाली कुणीतरी लिहीलच), मग आच इतकी उतरवा की पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा. खळखळ उकळत ठेवलेले दाणे एकमेकांवर आपटून फुटतात. भिजवलेल्या पांढऱ्या राजम्याला पाऊण ते सव्वा तास लागतो. पाण्यात लसणाच्या दोन अख्ख्या पाकळ्या आणि पार्सलीचे जाड देठ टाका. तेच पाणी पुढे रसासाठी वापरायचं आहे, त्याला चव हवी.

एक दाणा चाखून निर्णय घेऊ नका. पाच वेगवेगळे दाणे काढा. पाचही जीभ आणि टाळू यांच्यामध्ये नुसत्या दाबाने विरघळले पाहिजेत. चार मऊ आणि एक कणीदार असेल तर अजून दहा मिनिटं.

शिजले की त्याच पाण्यात कोमट होऊ द्या. गरम दाणे उपसून चाळणीत काढले की साली हवेत आक्रसतात आणि तडकतात.

कढईकाठ

प्रेशर कुकरवाल्यांसाठी: भिजवलेले दाणे, वर दोन बोटं पाणी, चमचाभर तेल (फेस कमी होतो, शिट्टीचं भोक तुंबत नाही). भांडं निम्म्याच्या वर भरू नका. पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर ८ ते १० मिनिटं आणि दाब आपोआप उतरू द्यायचा. दाब हाताने सोडला तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि उसळीत दाणे फुटतात. या पदार्थाला अख्खे दाणे हवेत, म्हणून ही पंधरा-वीस मिनिटं वाचवू नका. दाणे थोडे कच्चे निघाले तर पुन्हा दाब न देता उघड्या भांड्यात पूर्ण करा.

रेणू_आणि_रस्सा

दहा मिनिटं पूर्ण उकळीचं कारण.

राजम्याच्या जातीच्या दाण्यांत फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक प्रकारचं प्रथिन) असतं. लाल राजम्यात सगळ्यांत जास्त, पांढऱ्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश. नीट न शिजलेले चार-पाच दाणेसुद्धा त्रास द्यायला पुरतात: एक ते तीन तासांत जोराची मळमळ, उलट्या, मग जुलाब. निदान ५ तास भिजवणं, ते पाणी फेकणं आणि ताज्या पाण्यात १०० अंशांवर किमान १० मिनिटं उकळणं, एवढ्याने ते निकामी होतं. काही ठिकाणची अधिकृत शिफारस सावधगिरीने ३० मिनिटांची आहे. दाणे मऊ व्हायला त्याहून जास्त वेळ लागतोच, म्हणून साध्या भांड्यात शिजवणाऱ्याला हे जवळजवळ आपोआप साधतं.

धोका स्लो कुकरमध्ये आहे. मंद सेटिंगवर आतलं तापमान उकळीपर्यंत पोचत नाही आणि ८० अंशांच्या आसपास तापलेल्या दाण्यांत हे लेक्टिन कच्च्यापेक्षाही जास्त सक्रिय आढळलं आहे. दाणे मऊ लागतात, म्हणून शंकाही येत नाही. स्लो कुकर वापरायचाच असेल तर आधी वेगळ्या भांड्यात उकळून घ्या. प्रेशर कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या बरंच वर जातं, तिथे प्रश्न नाही. डब्यातले दाणे कारखान्यातच दाबाखाली शिजलेले असतात, ते थेट खाता येतात.

कोंब_फुटला

धन्यवाद, हे माहीत नव्हतं. मग भिजवलेलं पाणी फेकायचं आणि शिजवलेलं पाणी ठेवायचं, बरोबर?

रेणू_आणि_रस्सा

हो. आणि दोन्ही सारखी दिसतात म्हणून भिजवलेलं पाणी लगेच ओतून टाका, ओट्यावर भांडं राहू देऊ नका.

दाणेदार

डब्यातलं पाणी वापरण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पानोपानींनी "दाणे शिजवलेलं पाणी" म्हटलं आहे. घरच्या पाण्याला ते शंभर टक्के लागू. डब्यातल्या पाण्यात स्टार्च भरपूर, पण मीठही भरपूर. चार-पाच मिनिटं आटवल्यावर ते जास्तच खारट होतं आणि मग लिंबाने झाकायचा प्रयत्न होतो, जो फसतो. दाणे निथळून धुतले तर सोडियम सुमारे ४० टक्क्यांनी उतरतं.

माझी पद्धत: दोन डबे असतील तर एका डब्यातलं पाणी ६० मिली ठेवायचं, त्यात ६० मिली साधं पाणी मिसळायचं, दाणे मात्र धुऊन घ्यायचे. रसाला दाटपणा मिळतो, डब्याचा वास जातो. मीठ शेवटी, चव बघूनच. लेबलवर मीठ नाही असं लिहिलेला डबा असेल तर सगळं पाणी बिनधास्त वापरा.

आणखी एक. लेबल वाचाच. काही डब्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. दाणे अख्खे राहावेत म्हणून ते घालतात. वर मंद_आच यांनी कॅल्शियमबद्दल लिहिलं आहे, तोच परिणाम इथे मुद्दाम साधलेला असतो. असे दाणे पॅनमध्ये कितीही वेळ ठेवा, लोण्यासारखे होत नाहीत आणि पाव हिस्सा चेपून रस दाटत नाही. त्यासाठी तिसरा हिस्सा चेपा आणि चेपतानाच दोन चमचे पाणी घालून त्याची खीर होऊ द्या. शक्य असेल तर दुसरा डबा घ्या.

पानोपानी

मान्य. डब्याच्या पाण्यासाठी निम्मं-निम्मं हेच धरावं. वरच्या प्रमाणात १२० मिली हा आकडा कायम, फक्त त्यात साधं पाणी अर्धं.

चिमूटभर

हर्ब्जबद्दल कुणी विस्ताराने लिहा ना. कोणता कधी घालायचा याचा सरळ नियम आहे का? पाककृतींत सगळे एकत्रच "हर्ब्ज घाला" असं म्हणतात.

हिरवाकंच

देठ पाहायचा. देठ लाकडासारखा असेल (रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगॅनो) तर तो हर्ब सुरुवातीला तेलात. देठ मऊ असेल (पार्सली, कोथिंबीर, शेपू, बेसिल, पुदिना, टॅरागॉन, चाइव्ह्ज) तर गॅस बंद केल्यावर. दोन्हींत सुगंधी तेलंच आहेत, पण पहिल्या गटाची पानं जाड आणि चिवट असतात. त्यांचा गंध बाहेर यायला उष्णता आणि स्निग्धता लागते. तो तेलात उतरला की तिथेच टिकतो. दुसऱ्या गटाचा गंध हलका, गरम पॅनमध्ये दोन-तीन मिनिटांत उडून जातो. स्वयंपाकघर घमघमलं की तितकी चव ताटातून कमी झाली.

आता तपशील, कारण सगळे मऊ हर्ब्ज सारखे वागत नाहीत.

पार्सली सगळ्यांत सोशिक. चपट्या पानांची घ्या. कुरळी चिवट लागते आणि दाण्यांच्या मऊपणात ती खुपते. देठांना पानांइतकीच चव असते, म्हणून ते बारीक चिरून दाण्यांबरोबर शिजवणं योग्यच. कोथिंबिरीलाही हेच लागू, तिचे देठ तर कधीच टाकू नका.

शेपूचे फक्त पिसासारखे भाग. मुख्य देठ दोऱ्यासारखा दातांत अडकतो. गंध तीव्र आहे, या प्रमाणाला १० ग्रॅम पुष्कळ.

बेसिल सर्वांत नाजूक. पान दुखावलं की त्यातलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनबरोबर काम करून ते काळं करतं. बोथट सुरीने चिरलेलं बेसिल पाच मिनिटांत कडांना काळं पडतं. धारदार सुरीने एकाच दिशेने कापा किंवा मोठे तुकडे हाताने तोडा, आणि चिरून ठेवू नका. बेसिल फ्रिजमध्येही ठेवू नये, थंडीने पानांवर काळे डाग येतात. पाण्याच्या ग्लासात देठ बुडवून ओट्यावर ठेवा, उन्हापासून दूर. पार्सली आणि कोथिंबीर मात्र किंचित ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये चांगली टिकतात.

पुदिना १० ग्रॅमच्या वर नको, तो बाकी सगळ्यांना दाबतो. टॅरागॉन ५ ग्रॅम पुरे, त्यात बडीशेपेसारखा गोडसर झाक आहे.

रोझमेरीत कापरासारखा उग्र गंध असतो. एक काडी म्हटलं तर एकच. अख्खी घालून काढून टाकणं सुरक्षित. पानं चिरून घातली तर दाण्यांबरोबर सुया चावल्यासारखं लागतं. थाइमची पानं काढायची असतील तर काडीचं टोक धरून वरून खाली, पानांच्या उलट दिशेने बोटं ओढा, झटकन सुटतात.

सेज वेगळ्या प्रकारे वापरा: आठ-दहा पानं गरम तेलात तीस सेकंद, कुरकुरीत झाली की काढून कागदावर. त्याच तेलात पुढे लसूण. पण तेल आधी जरा निवू द्या, नाहीतर लसूण लगेच करपेल. पानं वाढताना वरून चुरायची.

चिमूटभर

फारच उपयोगी. कुठल्या जोड्या जमतात तेही सांगा.

हिरवाकंच

पांढऱ्या राजम्याला पार्सली-शेपू-लिंबू. टोमॅटो घालणार असाल तर शेपू वगळा, बेसिल आणि ओरेगॅनो घ्या. काबुली चण्यांना पार्सली आणि पुदिना तीनास एक, आणि वर भाजून भरडलेलं जिरं अर्धा टीस्पून. काळ्या राजम्याला कोथिंबीर आणि हिरवी मिरची, किस लिंबाऐवजी हिरव्या लाइमचा. सेज आणि रोझमेरी असेल तेव्हा मी लिंबू घालत नाही, १ टीस्पून व्हाइट वाइन व्हिनेगर जास्त शोभतं. चवळीला चाइव्ह्ज आणि पार्सली.

एका वेळी दोन मऊ हर्ब्ज आणि एक कडक देठाचा, एवढंच. चार-पाच एकत्र केले की नुसती हिरवी चव येते, कुठलाच ओळखू येत नाही.

कढईकाठ

कोथिंबीर घालताना जेवणाऱ्यांना विचारून घ्या. काहींना ती साबणासारखी लागते. पानांतल्या अल्डिहाइड नावाच्या गंधद्रव्यांमुळे तसं होतं, आणि वास ओळखणाऱ्या एका जनुकातल्या फरकाशी त्याचा संबंध आहे. चिकित्सा करू नका, त्यांच्या वाट्याला पार्सली द्या.

दाणेदार

लिंबाच्या वेळेबद्दल थोडा वाद घालतो. पानोपानींच्या कृतीत रस आधी आणि पानं लगेच नंतर. लगेच वाढणार असाल तर ठीक. पण आम्लात आणि उष्णतेत हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग शेवाळी होतो. पदार्थ दहा-पंधरा मिनिटं थांबणार असेल, तर हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. अशा वेळी फक्त किस घालावा, रस ताटात पिळावा. किसात आंबटपणा जवळजवळ नाहीच, गंध सगळा आहे.

किस काढताना पिवळाच थर. पांढरा आला की कडवट. आणि लिंबू आधी किसायचं, मग कापायचं, उलट क्रमाने हाल होतात.

पानोपानी

बरोबर आहे. घरच्या घरी लगेच खाणार असाल तर माझा क्रम, पाहुण्यांसाठी मांडून ठेवणार असाल तर तुमचा. लिंबाचा रस आधी घालण्याचं माझं कारण एवढंच की तो दाण्यांच्या रसात सगळीकडे मुरतो. ताटात पिळला तर एका घासात आंबट, दुसऱ्यात नाही. वाटीभर रस्सा काढून त्यात लिंबू मिसळून प्रत्येकाच्या ताटात चमचाभर वरून घालणं, हा मधला मार्ग.

ओट्यापाशी

काय बिघडलं हे ताटातूनच कळावं म्हणून थोडं लिहितो.

रस पातळ आणि वर तेलाचे थेंब वेगळे तरंगतात: स्टार्च कमी पडलं किंवा पॅन हलवलाच नाही. आणखी चार-पाच चमचे दाणे चेपा, १ टेबलस्पून गरम पाणी घाला, मध्यम आचेवर जोरात हलवा. गॅस मोठा करून आटवू नका, पाणी उडून तेल आणखी सुटतं.

उलट, सगळं घट्ट लगदा: पाणी आटलं. दाण्यांतलं स्टार्च थंड होताना अजून घट्ट होतं, म्हणून पॅनमध्ये जितका सैल हवा वाटतो त्याहून थोडा सैलच उतरवा. दोन-तीन टेबलस्पून गरम पाण्याने सुधारतो.

कडू: लसूण, किसाचा पांढरा भाग किंवा जास्त रोझमेरी, या क्रमाने संशय घ्या. करपलेला लसूण दुरुस्त होत नाही. साखर घालून बघू नका. दाणे घालण्याआधीच लक्षात आलं तर तेल-लसूण ओतून नव्याने सुरू करा, पाच मिनिटांचंच काम आहे.

बेचव, जणू काही राहिलं आहे: जवळपास नेहमी मीठ. दाणे मीठ फार खातात. आधी चिमूटभर मीठ, ढवळून अर्धं मिनिट थांबा, चाखा. त्यानंतरच लिंबू वाढवा.

गवताची चव: हर्ब्ज जुने, किंवा देठ जाड कापलेले.

आणि पॅन. २६ ते २८ सेंटिमीटरचा, पसरट. खोल भांड्यात दाणे एकावर एक बसतात, ढवळावं लागतं, ढवळलं की फुटतात.

कोंब_फुटला

खूप भिजवून, दोन तास शिजवूनही कणी राहिली तर?

मंद_आच

मग दाणे जुने आहेत. उष्ण आणि दमट जागी महिनोन्महिने राहिलेल्या दाण्यांच्या आतल्या रचनेत असा बदल होतो की ते पाणी घेतात पण मऊ होत नाहीत. पाणी जड (कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं) असेल तर त्यात भर. उपाय आहे: शिजवायच्या पाण्यात लिटरला पाव टीस्पून खायचा सोडा. अल्कलीने पेक्टिन लवकर सुटतं. पाव म्हणजे पावच. जास्त झाला तर साबणासारखी चव, लिबलिबीत साल, आणि थायमिनही (ब१ जीवनसत्त्व) नष्ट होतं. सोडा घातलेलं पाणी रसाला वापरू नका. दाणे निथळा आणि रसासाठी साधं गरम पाणी घ्या, चेपायचे दाणे थोडे वाढवा.

वेगवेगळ्या वेळी आणलेले दाणे एकत्र करू नका. निम्मे विरघळतात, निम्मे कडक राहतात, आणि ते कुठल्याच युक्तीने जुळत नाहीत.

वाफाळलेली

ताजे हर्ब्ज नसतील तर सुके चालतील?

हिरवाकंच

अर्धं उत्तर हो. सुका थाइम, ओरेगॅनो, रोझमेरी चालतात: ताज्याच्या एक तृतीयांश, सुरुवातीला तेलात, लसूण फिका असतानाच. सुकी पार्सली, बेसिल, कोथिंबीर यांत वाळवतानाच गंध गेलेला असतो. त्यांनी हा पदार्थ होणार नाही. मऊ हर्ब एकच मिळाला तरी चालेल, पण तो ताजा हवा आणि ४० ग्रॅम हवा (शेपू, पुदिना, टॅरागॉन यांना मात्र वरचीच मर्यादा).

वाफाळलेली

आणि हर्ब्जची पेस्ट करून घातली तर? मिक्सरमधून काढून?

हिरवाकंच

चांगली लागते, पण पदार्थ वेगळा होतो, सलग हिरवा. रंग टिकवायचा असेल तर पार्सली उकळत्या पाण्यात १५ सेकंद, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग घट्ट पिळून ६० मिली तेलाबरोबर वाटा. उकळत्या पाण्याने एन्झाइमं थांबतात, बर्फाने शिजणं थांबतं. न पिळता वाटलं तर पाणी सुटून तेल फुटतं. बेसिलला १० सेकंद पुरे. पुदिना मात्र कच्चाच चिरून घाला.

रेणू_आणि_रस्सा

या तेलावरून एक महत्त्वाची गोष्ट. ताजे हर्ब्ज किंवा कच्चा लसूण तेलात घालून बाटली ओट्यावर ठेवायची नाही. तेलात हवा नसते, लसणात आणि पाल्यात आम्ल पुरेसं नसतं, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना हेच हवं असतं. तेल बिघडलेलं दिसतही नाही, वासही येत नाही. केलं की थेट फ्रिजमध्ये, चार दिवसांत संपवा, नाहीतर बर्फाच्या साच्यात घालून फ्रीझरमध्ये.

पदार्थ उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ३ ते ४ दिवस चालतो.

ओट्यापाशी

उद्यासाठी करून ठेवायचं असेल तर पानं आणि लिंबू घालण्याआधीच थांबा. दाणे, तेल, लसूण, देठ इथपर्यंतचा भाग फ्रिजमध्ये उत्तम राहतो, किंबहुना दुसऱ्या दिवशी थाइम जास्त मुरलेला असतो. गरम करताना ३-४ टेबलस्पून पाणी घाला, मंद आच, आणि मग ताजा पाला त्याच वेळी चिरून. फ्रीझ करायचं असेल तरी हीच रेघ.

थंड सॅलड म्हणून खाणार असाल तर दाणे गरम असतानाच लिंबू, मीठ आणि तेलात घोळवा, थंड झाल्यावर पानं घाला. गरम दाणा चव ओढून घेतो, थंड दाण्यावर ती नुसती बाहेर बसते. थंड पदार्थात मीठ आणि आंबट कमी जाणवतं, त्यामुळे लिंबू दीडपट लागतं.

चिमूटभर

आठ जणांसाठी करायचंय. सगळं सरळ चौपट?

पानोपानी

दाणे आणि हर्ब्ज चौपट: १९२० ग्रॅम आणि १६० ग्रॅम. बाकी सरळ चौपट करू नका. लसूण १२ पाकळ्या, तेल एकूण १५० मिलीपर्यंत पुरतं. पाणी ३५० मिलीपासून सुरू करा, कारण मोठ्या घाण्यात त्या मानाने वाफ कमी उडते. उरलेलं गरम पाणी बाजूला ठेवा आणि लागेल तसं घाला. रोझमेरी दोनच काड्या. फ्लेक्स अर्धा टीस्पून, मग चव पाहून.

एकाच भांड्यात करू नका, दोन पसरट पॅन घ्या. इतके दाणे गॅस बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतात, म्हणून पानं घालण्याआधी एकाऐवजी चार-पाच मिनिटं थांबा, किंवा दाणे आधी वाढायच्या परातीत पसरा आणि पानं तिथेच मिसळा. १६० ग्रॅम पाला धुऊन कोरडा करायला वेळ लागतो, तो सकाळीच करून कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. बेसिल असेल तर तेवढं बाहेर, आणि चिरणं सगळ्यात शेवटी.